श्वास धरा, हलू नका

हिंगोलीच्या सिव्हिलमध्ये, खोली नंबर नऊ,
आठवड्याचे सहा दिवस मी एकच बोलतो :
श्वास धरा. हलू नका.
मग बटण. मग, सोडा.
दिवसाला साठ-सत्तर छात्या,
एकीचाही चेहरा सांगता येणार नाही मला.

सातव्या दिवशी तेच वाक्य स्वतःला सांगतो
सिद्धेश्वर धरणामागच्या माळावर, पालथा पडून,
कोपराखाली कुसळं, हातात हप्त्यांवरचा कॅमेरा
(अजून चौदा हप्ते; घरी सांगितलेत नऊ).
गाडी बाभळीखाली. दिवस उगवायचाय.

पखुर्डी दिसत नसते,
एवढं कळायलाच दोन उन्हाळे गेले.
माती, वाळकं गवत, गोटे,
त्यातलाच एक गोटा मान वळवतो
आणि नेमका तेव्हाच माझा हात हलतो.
घरी येऊन बघावं तर कार्डात
चाळीस फोटो मातीचे,
अतिशय स्पष्ट माती.

"काय करायलाव सायेब, पालथं पडून?"
लिंबाजी हटकर. मागं दीडशे मेंढरं.
म्हटलं, पक्षी.
हसला नाही. म्हणाला,
"माणसाला भेतेत ते. मेंढराला कशाला भेतील?"
आणि अंगावरचं घोंगडं टाकलं माझ्या पाठीवर,
लेंड्यांचा, धुराचा,
भिजून वाळलेल्या लोकरीचा वास.

तसा गेलो मग, गुडघ्यांवर, कळपातून,
एक कोकरू सारखं कान हुंगत होतं माझा.
दिवस कासराभर वर आला
आणि पाणवठ्याच्या कडेला, दहा-बारा हातांवर,
नर. एकटा.
पोट पाण्यात टेकवून बसलेला.
पीत नव्हता. भरत होता.
छातीच्या पिसांत पाणी मुरवत होता
कुठं तरी उघड्या मातीवर ठेवलेल्या पिलांसाठी.
"श्वास धरा," मी पुटपुटलो, सवयीनं.
मागं लिंबाजीनं खरंच धरला.
तीन क्लिक. चौथ्याला पंखांची फडफड,
आणि नुसतं पाणी.
"सोडू का?"
मागून आवाज, नाकातून आल्यासारखा.

स्क्रीन त्याच्यापुढं धरली.
उन्हात त्याला स्वतःचाच पटका दिसला असणार;
डोळे बारीक केले, लांब धरलं, जवळ धरलं,
परत दिलं.
"ह्याला मी ऐकतो," म्हणाला.
"रोज ह्या टायमाला बोलत बोलत जातेत पाण्यावर.
येतो का आवाज यात?"
नाही येत, म्हटलं.
"मंग अर्धंच गावलं की."

फोटो मोठा करून आणला औंढ्याहून.
बायको म्हणाली, नुसता बसलाय हा.
उडताना नाही मिळाला?
कपाटामागं आहे अजून, कागदात गुंडाळलेला.

आषाढातल्या एका मंगळवारी नऊ नंबरला चिठ्ठी आली :
लिंबाजी ग्यानबा, वय अडुसष्ट, छाती.
एप्रनमध्येही ओळखलं त्यानं मला.
खोकला थांबेपर्यंत दोघंही थांबलो.
मेंढरं कुठायत, विचारलं.
"पोराकडं," म्हणाला, "नीट बघतो का काय म्हाईत."
सदरा काढला, हनुवटी टेकवली प्लेटला,
माळावर केवढा दिसायचा हा माणूस.
श्वास धरा, म्हटलं. हलू नका.
बटण दाबलं.

पडद्यावर उजवी बाजू खालून वर
पांढरी, गच्च, भरत आलेली.
रोज बघतो मी असलं.
कागदावर काय लिहायचं ते डॉक्टर लिहितात,
आम्ही बोलायचं नसतं.
छातीत पाणी.
बघत राहिलो
आणि सोडा म्हणायचं राहूनच गेलं.

शिशाच्या दारापलीकडून
नाकातून आल्यासारखा आवाज आला :
"सोडू का सायेब?
उडालं का ते?"